रग्बी लीग क्लबच्या चिअर पथकात नव्यानं येताय? पहिल्या सरावापासून पहिल्या सामन्यापर्यंत

उत्तर इंग्लंडातल्या लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, विगन या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरात मुलीनं किंवा मुलानं ‘मला इथल्या रग्बी क्लबच्या चिअर पथकात जायचंय’ म्हटलं, की आईबाबांच्या डोळ्यांसमोर आयपीएलमध्ये चौकार-षटकारांवर नाचणारी मंडळी येतात. गावातल्या क्लबचं काम बरंच वेगळं असतं. चौकार गेला की क्रिकेट आपोआप थांबतं आणि नाचायला वेळ मिळतो. रग्बी लीगमध्ये तसं नाही. ऐंशी मिनिटांच्या खेळात मोकळ्या जागा थोड्या, त्याही आखूड, आणि कधी येतील ते आधी ठरलेलं नसतं. खेळ न वाचता येणाऱ्याचा नाच कितीही सफाईदार असला तरी तो चुकीच्या वेळीच होतो. म्हणून सुरुवात खेळापासून करू, हातपाय नंतर.

आधी दोन शब्द इतिहासाचे

रग्बीच्या दोन जाती आहेत: युनियन आणि लीग. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. कारण मजुरीचं होतं. शनिवारी खेळायला आलेल्या कामगाराची बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, यावर दक्षिणेशी त्यांचं बिनसलं. त्यातून पुढे तेरा खेळाडूंची लीग घडली. 1996 मध्ये सुपर लीग सुरू झाली, वरच्या पातळीचा हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला आणि सामन्याभोवती संगीत, मॅस्कॉट, चिअरलीडर असा थाट उभा करायची चढाओढ लागली. ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचं ‘ब्रॅडफर्ड बुल्स’ झालं ते याच वर्षी. सगळ्यांनाच हा थाट रुचला असं नाही. सिडनीच्या साउथ सिडनी क्लबनं 2007 मध्ये आपलं चिअर पथक बंद करून ढोलवाले आणले.

पथकात मुलगे आले तर कुणी हसू नये म्हणून हेही सांगून ठेवतो: अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 2 नोव्हेंबर 1898 रोजी प्रेक्षकांसमोर उभं राहून घोषणा देणारा पहिला चिअरलीडर जॉनी कॅम्पबेल हा पुरुष होता. मुली त्यात आल्या 1923 पासून.

पायरी 1: पथकाला लागतो तेवढा खेळ शिका

पहिले दोन सामने नुसते बघा. पॉमपॉम (हातात धरायचे पट्ट्यांचे झुपके) हातात नको. एवढ्या गोष्टी ओळखता आल्या की पुरे:

तेरा विरुद्ध तेरा. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती (लहान वयोगटांत सगळंच आखूड). ट्रायला (ट्राय लाइनपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) 4 गुण, त्यानंतरच्या कन्व्हर्जनला (चेंडू लाथेनं गोलखांबांमधून घालणं) 2, पेनल्टी गोलला (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली तशीच किक) 2, ड्रॉप गोलला (खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून मारलेली किक) 1. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल (चेंडूवाल्याला पकडून थांबवणं) मिळतात. पाचवा टॅकल झाला की रेफरी हात वर करून पाच बोटं दाखवतो, आणि त्यानंतर बहुतेक वेळा संघ चेंडू लांब लाथाडतो. ही पाच बोटं हीच पथकाची घड्याळाची टिकटिक. आपल्यावर हल्ला चालू असेल तर बचावाची घोषणा तिथं टिपेला न्यायची.

सर्वांत मोठी गल्लत ट्रायची. चेंडू घेऊन खेळाडू रेषेपलीकडे पडला म्हणजे ट्राय झाला असं नव्हे. बचाव करणाऱ्यानं चेंडू जमिनीला टेकूच दिला नसेल, टॅकल पूर्ण झाल्यावर खेळाडूनं हात पुन्हा पुढे रेटला असेल, किंवा आधीचा पास पुढच्या दिशेनं गेला असेल, तर ट्राय नाही. नवखं पथक खेळाडू पडताक्षणी उड्या मारतं, आणि दोन सेकंदांत रेफरीनं नकार दिला की पंधरा जण पॉमपॉम हवेत धरून पुतळ्यासारखे उभे. नियम सोपा आहे: खेळाडूकडे बघायचं नाही, रेफरीकडे बघायचं. तो शिट्टी वाजवून चेंडू टेकला त्या जागेकडे हात दाखवतो, तेव्हाच उसळायचं. कन्व्हर्जनचंही तसंच. दोन टच जज (कडेच्या रेषेवरचे पंच) गोलखांबांशी उभे असतात, त्यांचे झेंडे वर गेले की गोल.

पायरी 2: उभं कुठं राहायचं

मैदान ट्राय लाइनपासून ट्राय लाइनपर्यंत 100 मीटर लांब आणि जास्तीत जास्त 68 मीटर रुंद असतं. दर दहा मीटरला आडवी रेष असते, त्यामुळे जागा सांगणं सोपं जातं.

पथकाची जागा: राखीव खेळाडूंच्या बाकांच्या विरुद्ध बाजूला, 20 आणि 40 मीटरच्या रेषांच्या दरम्यान, टचलाइनपासून (मैदानाच्या कडेच्या रेषेपासून) निदान पाच मीटर मागे. जागा कमी असेल तर रेलिंगच्या बाहेर जा. पुढे सरकू नका. टच जज त्या रेषेवरून पळत असतो आणि त्याचं लक्ष तुमच्याकडे नसतं.

कोपऱ्यात उभं राहायचं नाही. ट्रायसाठी विंगर (कडेनं पळणारा खेळाडू) कोपऱ्यातल्या खांबाशी अंग झोकून देतो, त्याच्या पाठीवर दोघं बचाव करणारे असतात, आणि तिघं मिळून रेषेबाहेर चार-पाच मीटर सहज घसरतात. अडीचशे किलोचं हे गाठोडं थांबवता येत नाही. गोलखांबांच्या मागेही उभं राहायचं नाही, कारण किक मारणाऱ्याच्या नजरेत चमचमतं काही हलू नये.

चेंडू खेळात असताना मैदानाकडे पाठ करायची नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून घोषणा द्यायची असेल तर खेळ थांबलेला हवा. नाइलाजच असेल तर निम्म्यांनी प्रेक्षकांकडे आणि निम्म्यांनी मैदानाकडे बघायचं, आणि मैदानाकडे बघणाऱ्यांपैकी एकीनं ‘बॉल’ म्हणून ओरडायचं. हा शब्द ऐकू आला की सगळ्यांनी आधी मागे सरकायचं, मग बघायचं. आधी बघणाऱ्याच्या तोंडावर चेंडू बसतो.

पायरी 3: कधी नाचायचं, कधी गप्प बसायचं

नव्या मुलांना नाच चार सरावांत येतो. हे वेळेचं गणित यायला अख्खा हंगाम लागतो.

*संघ मैदानात येताना.* दोन रांगा, मध्ये दोन मीटरची वाट, दोघींमध्ये दीड मीटर अंतर. पॉमपॉम डोक्यावर. खेळाडू जवळ आल्यावर हात खाली आणू नका, त्यांच्या डोळ्यांत पट्ट्या जातात. बुटांना खिळे असतात, म्हणून पावलं रांगेच्या आत टाकू नका. सगळा संघ जायला वीस-पंचवीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ हात वर ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. सरावात तीस सेकंद मोजून धरायला लावा.

*ट्रायनंतर.* ट्राय ते कन्व्हर्जनची किक यात साधारण दीड मिनिट मिळतं. त्यातली पहिली वीस सेकंद आपली. किक मारणारा चेंडू टीवर (चेंडू उभा ठेवायच्या बैठकीवर) ठेवायला वाकला की संगीत बंद, पॉमपॉम पाठीमागे, पाय स्थिर. किक आपल्या संघाची असो वा समोरच्याची, वागणं तेच. प्रेक्षक समोरच्या किकरला हुर्यो करतात. पथकानं करायची नाही.

*स्क्रम, गोल-लाइन ड्रॉपआउट, चेंडू बाहेर गेल्यावर.* (पहिले दोन म्हणजे थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायचे प्रकार.) पंधरा ते तीस सेकंद मिळतात. एक आखूड घोषणा बसते, नाच बसत नाही. इथं संगीत लावायचा मोह होतो; लावू नका, कारण खेळ सुरू झाल्यावर ते वेळेत बंद होत नाही.

*खेळाडू जखमी झाल्यावर.* लीगमध्ये जखमी माणसावर मैदानातच उपचार चालू असताना पलीकडे खेळ चालू राहू शकतो. नवख्यांना हे माहीत नसतं. ते खेळ चालू आहे म्हणून घोषणा देत राहतात आणि वीस मीटरवर पडलेल्या मुलाची आई कठड्याशी उभी असते. कुणी पडून राहिलं, फिजिओ धावला, की आवाज बंद. खेळच थांबवला तर गुडघ्यावर बसायचं, पॉमपॉम जमिनीवर. तो उठला की टाळ्या, कोणत्याही संघाचा असो.

*खेळाडू दहा मिनिटांसाठी बाहेर काढला गेल्यावर.* काही नाही. टाळी नाही, टोमणा नाही.

*विश्रांती.* दहा मिनिटं सगळी आपली नसतात. खेळाडू आत जायला एक मिनिट, पथक आत यायला एक, नाच दोन, बाहेर पडायला एक. सहाव्या मिनिटाला मैदान मोकळं हवं, कारण आठव्या मिनिटाला दोन्ही संघ अंग गरम करायला परततात. काही क्लब याच वेळात चिमुकल्यांचा छोटा सामना ठेवतात. तसं असेल तर त्यांचा हक्क पहिला, आणि पथकानं टचलाइनपाशीच दोन मिनिटांचं काम करायचं.

*सामना संपल्यावर.* हरलो असलो तरी रांग करून दोन्ही संघांना टाळ्या. थंडीत हेच सर्वांत आधी टाळलं जातं.

पायरी 4: हात

बाहेरून सर्वांत सोपं दिसतं आणि चुका सर्वांत जास्त इथंच होतात.

मूठ अशी: अंगठा बाहेर, बोटांच्या दुसऱ्या पेऱ्यांवर टेकलेला. आत दाबलेला अंगठा झटक्यात दुखावतो. मनगट सरळ, कोपरापासून मुठीपर्यंत एक काठी असल्यासारखं. नवख्यांचं मनगट खाली मोडतं, आणि मग हातात बादली धरल्यासारखं दिसतं.

हाय व्ही म्हणजे दोन्ही हात वर, तिरके. ते अगदी कानाच्या रेषेत किंवा मागे गेले की खांदे उचलले जातात आणि मान गायब होते. योग्य जागा शोधायची युक्ती अशी: नजर समोर ठेवा आणि हात थोडे पुढे आणा, डोळ्यांच्या कोपऱ्यांत दोन्ही मुठी दिसल्या की थांबा. टी म्हणजे हात खांद्याच्या उंचीवर आडवे. थकल्यावर ते चार बोटं खाली येतात आणि त्या व्यक्तीला ते कळतच नाही. म्हणून सरावात समोरून व्हिडिओ घ्या. आरशापेक्षा व्हिडिओ बरा, कारण आरशात बघता बघता माणूस हात सुधारतो आणि चूक लपते.

हात एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो तो जवळच्या वाटेनं, अंगाला धरून. मोठं वर्तुळ घेऊन गेला तर शेजारणीच्या नाकाला लागतो आणि ठोक्यावर पोहोचत नाही. ठोका ‘एक’ला असेल तर हात ‘एक’ला जागेवर पोहोचलेला हवा, ‘एक’ला निघून चालत नाही. शाळेत लेझीम हातात धरलेल्याला हे सांगावं लागत नाही, कारण लेझीम ठोक्याला वाजली नाही तर सगळ्यांना ऐकू येतं. पॉमपॉमची चूक ऐकू येत नाही, नुसती विस्कटलेली दिसते.

पायरी 5: आठाचा हिशोब

सगळी रचना आठ-आठ ठोक्यांत लिहितात. मिनिटाला 132 ठोक्यांचं गाणं घेतलं तर दोन मिनिटांत 264 ठोके, म्हणजे 33 आठं. स्पर्धेतली पथकं याहून जलद गाण्यावर अडीच मिनिटं करतात. गवतावर नवख्यांना 132 पुरे.

33 आठांची एक चालणारी वाटणी: मैदानात येऊन जागा घेणं 4, हातांचे प्रकार 8, रांग बदलणं 4, संगीत थांबवून प्रेक्षकांबरोबर घोषणा 6, उड्या 4, स्टंट (एकीला उचलून धरणं, पायरी 7) 5, शेवटची मुद्रा 2. उड्या स्टंटच्या आधी ठेवल्या आहेत, पण गवत ओलं असेल तर त्या चार आठांत पुन्हा हातांचे प्रकार घाला. तो पर्याय आधीच बसवलेला असू द्या. ऐन वेळी ‘उड्या गाळा’ म्हटलं की निम्मी मुलं गाळतात आणि निम्मी मारतात.

हा हिशोब वहीत आडव्या ओळींत लिहा, एका ओळीत एक आठ. रांगेतल्या प्रत्येकीची जागा नावानं लिहा. ‘मागची दुसरी’ असं लिहिलं तर एक मुलगी आजारी पडली की सगळं कोसळतं.

पायरी 6: घोषणा

चांगली घोषणा कशी असते हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. ‘गणपती बाप्पा’ एकानं म्हणायचं आणि ‘मोरया’ गर्दीनं. पहिला भाग लांब, उत्तर एका शब्दाचं, आणि ते उत्तर न शिकवता येतं. प्रेक्षकांना तीन ओळी पाठ करायला लावणाऱ्या घोषणा पहिल्याच सामन्यात मरतात. प्रश्न पथकानं विचारायचा, उत्तर क्लबच्या टोपणनावात ठेवायचं, आणि मध्ये दोन टाळ्या. दहा सेकंदांपेक्षा लांब नको.

रेफरी खेळाडूंना ‘हेल्ड’, ‘मूव्ह’ असे शब्द ओरडून सांगत असतो. ते घोषणेत घेऊ नका. आकडे मोजू नका, डावे-उजवे म्हणू नका, संघाच्या चालींचे इशारे तेच असू शकतात. प्रशिक्षकाला एकदा घोषणांची यादी दाखवा, तो दोन-तीन खोडेल. आणि शिट्टी तर कुणाच्याच गळ्यात नको.

आवाज घशातून काढला तर दुसऱ्या भागात बसतो. पोटातून, नेहमीच्या बोलण्याहून किंचित खालच्या पट्टीत म्हणा. किंचाळीपेक्षा खालचा स्वर मोकळ्या मैदानात लांब जातो. दोन घोषणांच्या मध्ये पाण्याचा घोट घ्या, बर्फाचा नको.

पायरी 7: एकच स्टंट, तोही नीट

नव्या पथकानं पहिल्या हंगामात मांडीवर उभं राहण्याच्या पुढे जाऊ नये. खांद्याच्या उंचीचे प्रकार, हवेत फेकणं, मनोरे हे पात्र प्रशिक्षक आणि गाद्या असल्याशिवाय नाहीत. गोविंदांचे थर बघत वाढलेल्यांना मांडीची उंची किरकोळ वाटते. पण नवखी मुलं जखमी होतात ती याच ‘किरकोळ’ उंचीवरून, कारण तिथं कुणी लक्ष देत नाही.

लागतात चार जणी: दोन बेस (खालून आधार देणाऱ्या), एक फ्लायर (वर चढणारी), एक बॅकस्पॉट (मागून सांभाळणारी).

दोन्ही बेस एकमेकींकडे तोंड करून, आतला पाय पुढे वाकवून लंजमध्ये. दोघींची आतली पावलं शेजारी शेजारी. गुडघा पावलाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही, मागचा पाय ताठ, पाठ सरळ. फ्लायर मध्ये मागच्या बाजूला उभी, हात दोघींच्या खांद्यांवर. बॅकस्पॉट तिच्या मागे, दोन्ही हात कमरेला.

एक-दोनला फ्लायर उजवं पाऊल पहिल्या बेसच्या मांडीवर ठेवते. कुठं? मांडीच्या मधोमध नाही. जांघेची घडी पडते तिथं, कमरेला चिकटून. तिथं हाड आहे, आधार आहे; मधोमध ठेवलं की पाऊल गुडघ्याकडे घसरतं आणि बेसची मांडी काळीनिळी होते. बेस आतल्या हातानं फ्लायरच्या गुडघ्याच्या जरा वर वेढा घालते आणि बाहेरच्या हातानं तिचं पाऊल धरते. तीन-चारला फ्लायर खांद्यांवर दाब देऊन दुसरा पाय दुसऱ्या मांडीवर आणते, बॅकस्पॉट कमरेतून उचल देते. पाच-सहाला पाय ताठ, सात-आठला हात हाय व्हीमध्ये.

उतरताना बेस पाऊल धरलेला हात सोडून फ्लायरचा हात धरतात आणि ती पुढे एक पाऊल टाकून खाली येते, गुडघे मऊ ठेवून. उडी नाही.

बिघडतं ते असं. फ्लायर वर जाताना आपल्या पावलांकडे बघते. डोकं खाली गेलं की कंबर मागे जाते आणि सगळा भार बॅकस्पॉटवर येतो. नजर समोरच्या झाडावर लावायची. दुसरं, बेस ओझं वाटलं की पाठीतून वाकते. तिसरं, फ्लायर डगमगली की बेस घाबरून हात सोडते. उलट करायचं: चौघींपैकी कुणीही ‘डाउन’ म्हणू शकते, म्हटलं की चर्चा न करता उतरवायचं, आणि तोवर कुणीही हात काढायचे नाहीत. ‘डाउन’ म्हणणारीला नंतर कुणी बोल लावायचा नाही. तो लावला की पुढच्या वेळी ती गप्प बसते.

गवत ओलं असेल तर स्टंट रद्द. बुटाचा तळवा हाताच्या पालथ्या बाजूनं तपासा. ओलसर लागला तरी रद्द. अंगठ्या, कानातलं, साखळ्या, नथ, पैंजण सगळं काढायचं. टेप लावून चालत नाही. च्युइंगम नको. डोक्याला लागलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मुलगी ‘मी बरी आहे’ म्हणाली तरी नाही. उलटी, झोपाळलेपणा, वाढती डोकेदुखी, मान दुखणं यातलं काही दिसलं तर 999.

सामान, कपडे

पॉमपॉम मोठ्यांना 6 इंची पट्ट्यांचे, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना 4 ते साडेचार इंची. मूठ आत लपलेली हवी, म्हणजे घट्ट धरता येतात. धातूसारखे चमकणारे पॉमपॉम उन्हात सुंदर दिसतात, पण पट्ट्या लवकर फाटतात. यॉर्कशरच्या पावसात साधं प्लास्टिक जास्त टिकतं. नवीन आलेले पॉमपॉम झाडूसारखे चपटे असतात. एकेक पट्टी बोटांत चुरगाळून फुलवावी लागते, जोडीला तास-दीड तास जातो, आणि मोदकाच्या कळ्यांसारखं हे काम चौघींनी गप्पा मारत केलं तरच होतं. न फुलवता सामन्याला नेलेले पॉमपॉम लांबून ओळखू येतात.

कपड्यांबद्दल घरी ताण असेल तर पहिल्याच भेटीत विचारा. थंडीमुळे पूर्ण बाह्यांचा टॉप आणि लेगिंग्ज ही बऱ्याच ठिकाणी नेहमीची सोय असते. पथकात सगळ्यांचं एकसारखं असलं की झालं. बुटांचा तळवा सपाट पण खरबरीत हवा. खिळ्यांचे बूट घालून स्टंटमध्ये कुणाच्या मांडीवर चढायचं नाही हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो.

कागद

क्लबला चार प्रश्न विचारा. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची पडताळणी) झाली आहे का? क्लबच्या विम्यात चिअरचे स्टंट धरले आहेत का? (खेळाडूंचा विमा असतोच, म्हणून पथकाचाही असेल असं गृहीत धरू नका.) मैदानावर संगीत वाजवायचा परवाना आहे का? आणि मुलांच्या फोटोंना पालकांची लेखी संमती घेतली आहे का? शेवटचा प्रश्न आपल्याला जास्त लागू आहे. आपल्या लेकीचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकताना शेजारी उभ्या दोन मुलीही त्यात गेल्या, तर तक्रार येते, आणि ती रास्त असते.

सामन्याचा दिवस

शनिवारी अडीचचा सामना धरला तर:

सव्वाला हजर. दीडला दोघांनी नाचाची जागा पायी फिरून बघायची: खड्डा, काच, कुत्र्याची घाण, सैल झालेली खुंटी. पावणेदोनला अंग गरम करणं, पंधरा मिनिटं. मनगट, घोटे, खांदे विसरायचे नाहीत. दोनला आवाजाची चाचणी. गाणं फोनमध्ये उतरवून घेतलेलं हवं, मैदानावर इंटरनेटच्या भरवशावर नको, आणि शक्यतो तारेनं जोडा, कारण ब्लूटूथ जोडलेला फोन खिशात घालून कुणीतरी चहाच्या रांगेत निघून जातं. दुसऱ्या फोनवरही तेच गाणं ठेवा. बंद करायचं बटण एकाच माणसाकडे, आणि त्याचं तोंड मैदानाकडे. दोन वीसला रांगा. बदलीला निदान एक जण जास्त आणा. बारा जणींच्या रचनेला तेरा.

क्लब युनियनचा असेल तर थोडं बदलतं. ट्राय पाच गुणांचा, रेफरी तो हात सरळ वर करून देतो. किकच्या वेळी प्रेक्षकही गप्प बसावेत अशी अपेक्षा अनेक ठिकाणी असते. आणि टचलाइनबाहेर आलेला चेंडू पथकातल्या कुणीही उचलून द्यायचा नाही: बाहेरच्या माणसाचा हात लागला की संघाला झटपट थ्रो घेता येत नाही. मदत म्हणून केलेलं नुकसान ठरतं. मुंबई-पुण्यात सेव्हन्सच्या (सात-सात खेळाडूंच्या) स्पर्धेत उभं राहायचं झालं तर सात-सात मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये जेमतेम दोन मिनिटं. तिथं विश्रांतीचा नाच ठेवूच नका, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात करा. पावसाळी चिखलात स्टंटचा प्रश्नच येत नाही.

सामना संपल्यावर ओले पॉमपॉम पिशवीत कोंबू नका. झटकून, मुठीला दोरी बांधून उलटे टांगा, सावलीत. हेअर ड्रायर लावला की पट्ट्या आक्रसून गुंडाळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरले तरी तेच. सुकल्यावर कापडी पिशवीत ठेवा, प्रत्येक जोडीला नावाची चिठ्ठी लावून.